अक्षरामागे तीन डॉलर

संघाच्या पगारपत्रकावर माझं नाव नाही.
रिंकच्या तळघरात, स्केटना धार लावतात त्या खोलीशेजारी
माझी मशीन आहे, एक दिवा,
आणि कापडी अक्षरांनी भरलेले बिस्किटांचे डबे.
जर्सीच्या पाठीवर नाव शिवायचं, अक्षरामागे तीन डॉलर.
उसवायचे पैसे मिळत नाहीत.

हार्यू आला तेव्हा एकोणीस वर्षांचा होता.
इंग्रजीत पाच अक्षरं. शेवटचा यू
माझ्या हातून जरा तिरका बसला.
उसवते म्हटलं, तर म्हणाला, "राहू दे ओरिस्या,
मीही वळताना असाच झुकतो."
त्या तिरक्या यूने सहा हिवाळे
उणे तीस अंशातली माणसं घराबाहेर काढली.
पोटॅशच्या खाणीतली पाळी संपवून
हेल्मेटचा वळ कपाळावर तसाच घेऊन लोक यायचे.

मग त्याचा करार संपला.
हिशेब बघणारे लाव्होआ खाली आले, बटण लावून घ्यायला.
त्यांची बटणं फेब्रुवारीतच तुटतात.
म्हणाले, "छत सगळ्यांना सारखंच आहे.
न्यूयॉर्क असो की आपण,
पगाराच्या आकड्याने त्याच्यावर जायचं नाही."
मी दोरा तोडला दातांनी.
छत सारखं, हे खरं.
पण छताला हात लागायला शिडी लागते,
आणि आमची शिडी म्हणजे दोन लाख माणसं,
त्यातली निम्मी रात्रपाळीला,
आणि एक टीव्हीवाला, जो आमचा सामना
बाजारभावाच्या बातम्यांनंतर दाखवतो.
अंथरूण पाहून पाय पसरावे म्हणतात.
लीगने सगळ्यांना एकाच मापाचं अंथरूण कापून दिलं.
ते विकत घ्यायचं मात्र ज्याचं त्याने.

जमीनही आहे म्हणे, छताला आहे तशी.
अमुक इतका खर्च दाखवलाच पाहिजे.
म्हणून मागच्या वर्षी ब्रॅनिगनला घेतलं.
त्याचा गुडघा कायमचा गेलाय,
तो फ्लोरिडात मासे धरतो,
आमच्या गावात त्याने पाऊलही टाकलेलं नाही.
पगाराचा बहुतेक भार विम्यावर, आकडा मात्र आमच्या वहीत पूर्ण.
त्याचीही जर्सी शिवली मी. नऊ अक्षरं.
ती खुंटीवर लटकते.
घामाचा वास न येणारी एवढी एकच.

हार्यू गेला, त्याच्या बदल्यात तीन पोरं आली,
स्वस्त, दाढी न फुटलेली:
वॉइचेहोव्स्की, मॅकगिलिव्हरी, शार्लबोआ.
तेरा, अकरा, दहा.
प्रत्येकाच्या दोन जर्सी, एक घरची, एक बाहेरची.
दोनशे चार डॉलर झाले.
एवढे त्याने सहा वर्षांत मला मिळवून दिले नव्हते.
गाव शोकात होतं, बेकरीवाल्याने
त्याच्या नावाचा पाव बंद केला होता,
आणि मी नवे बूट घेतले, आतून लोकर लावलेले.
चर्चमध्ये ते बाकाखाली लपवून बसले.

सरावाच्या जर्सी आम्ही परत वापरतो, मालकांचा हुकूम.
हार्यूचं नाव उसवलं तेव्हा
सुईची भोकं राहिली, पाच अक्षरांच्या आकाराची.
त्यावर तेरा अक्षरं बसवली, सगळी झाकली गेली.
लांब नावांचा हा एक फायदा.

जानेवारीत तो आला, दुसऱ्यांच्या निळ्या रंगात.
मी वर गेले, सहसा जात नाही.
लोकांनी आधी हुर्यो केली, मग कुणीतरी टाळी वाजवली,
मग काय करावं हे कुणालाच कळेना.
तो आमच्या बाजूने वळला, झुकून, पूर्वीसारखाच,
आणि त्याची पाठ दिसली.
यू सरळ होता.
तिकडे मशीनवर शिवतात, लेझरने मापून.

दुसऱ्या सत्रात वॉइचेहोव्स्की भिंतीवर आपटला,
बाही खांद्यापासून फाटली.
मी खाली धावले.
बाहीचे पैसे वेगळे. चार डॉलर.